सात टक्क्यांचं नंतर बघू, आधी नंबर कोणाचा ते बघा

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे, सातारा जिल्ह्यात एकटी राहते. पेन्शन ३६ हजार. सात महिन्यांपूर्वी मुदत ठेवी संपल्या, ते २८ लाख तेव्हापासून बचत खात्यातच आहेत. एका लहान बँकेच्या ॲपवर ‘सात टक्क्यांपर्यंत व्याज’ पाहिलं आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याच्या मदतीने खातं उघडलं. त्यात पाच लाख पाठवले, ते परत आले. व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची ओळख पडताळणी, तीनदा नाकारली. माझ्या फोनवर ॲप घेतलं तर ‘मोबाईल पडताळणी अयशस्वी’ असं येतं, भाच्याच्या फोनवर मात्र छान चालतं. माझ्या आधारला पूर्वीपासून त्याचाच नंबर असल्याने ओटीपी त्याच्याकडे जातात, मला कटकट नाही. खातं लवकर चालू होईल म्हणून बँकेच्या माणसाने सांगितलेली महिना साडेबारा हजारांची बचत योजनाही घेतली. हे खातं सुरळीत कसं करावं? की दुसरं चांगलं ॲप सुचवाल?

उत्तर: ताई, विचारलंत त्याचं उत्तर चार ओळींत संपतं, म्हणून ते आधी उरकतो.

नुसत्या आधार-ओटीपीवर घरबसल्या उघडलेलं खातं अर्धवट असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यात एका वेळी एक लाखाच्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि आर्थिक वर्षात दोन लाखांच्या वर जमा होऊ शकत नाही. वर्षभरात पूर्ण केवायसी झाली नाही तर बँक खातं बंद करते. तुमचे पाच लाख परत आले ते याच नियमामुळे, आणि बरं झालं आले. व्हिडिओ केवायसी का अडते हेही पत्रावरून दिसतं. पॅनवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, असं तुम्हीच शेवटी लिहिलं आहे. व्हिडिओवरचा अधिकारी दोन्ही कार्डं समोरासमोर ठेवून बघतो आणि नावं जुळली नाहीत की पुढे जात नाही. लग्नाचा दाखला जोडून पॅन दुरुस्त करून घ्या. हे काम तसंही कधीतरी करावंच लागणार होतं.

आता कंसातल्यासारखं जे लिहून टाकलंत, त्याकडे येतो. ‘ओटीपी त्याच्याकडे जातात, मला कटकट नाही.’

बँकेचं ॲप सुरू होताना ते गुपचूप एक एसएमएस पाठवतं. तो ज्या सिममधून निघाला तो नंबर आणि बँकेत नोंदवलेला नंबर एकच आहे का, हे तपासलं जातं. तुमच्या फोनमध्ये तुमचं सिम, नोंद मात्र भाच्याच्या नंबरची. म्हणून तुमच्या फोनवर ‘अयशस्वी’ आणि त्याच्या फोनवर ‘छान’. ॲप बिघडलेलं नाही. बँकेच्या लेखी त्या खात्याची मालकीण तुम्ही आहात, पण दार उघडणारा माणूस तो आहे. घराची किल्ली शेजारी ठेवणं वेगळं आणि सातबाराच शेजाऱ्याच्या नावावर करणं वेगळं. तुमचं दुसऱ्या प्रकारात मोडतं.

आणि गोष्ट एका नव्या खात्याची नाही. आधारलाच त्याचा नंबर आहे म्हटल्यावर, जिथे जिथे आधार-ओटीपी चालतो तिथे सही त्याची. पेन्शनच्या खात्याला कोणता नंबर आहे हे तुम्ही लिहिलं नाही. माझी भीती अशी की तिथेही तोच असणार, आणि २८ लाख तिथेच आहेत.

भाचा गुणी आहे असं तुम्ही दोनदा लिहिलंय. मला ते मान्य आहे, आणि त्याने फरक पडत नाही. त्याचा फोन लोकलमध्ये चोरीला गेला तर? कंपनीने नवा नंबर दिला म्हणून त्याने जुना बंद केला तर? बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला तरी मिळू शकतो, मग तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात. त्याने एखाद्या खोट्या लिंकवर बोट ठेवलं तर पैसे तुमचे जातील. मग बँक काय म्हणेल? रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे, चूक बँकेचीही नसेल, तुमचीही नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पण ओटीपी-पिन दुसऱ्याच्या हाती दिला हा ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो, आणि तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. ‘माझा भाचाच होता हो’ हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही, उलट तुमच्याच विरोधात जाईल.

तुमच्या बाबतीत हे घडूनही गेलंय. ती ‘बचत योजना’ म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी आहे. फोन भाच्याला आला, कारण नंबर त्याचा. त्याला सांगितलं, ही घेतलीत तर केवायसी लगेच होईल. हे धादांत खोटं आहे, केवायसीचा विम्याशी काडीचाही संबंध नाही. मग तुम्हाला फोनवर जोडून घेतलं आणि ‘पडताळणीचा कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा’ असं बजावलं. तुम्ही हो म्हणालात. ओटीपी भाच्याने सांगितला. आज कंपनीकडे तुमच्या आवाजातला होकार आहे.

हिशेब करू. महिना साडेबारा हजार म्हणजे वर्षाला दीड लाख, दहा वर्षं, एकूण पंधरा लाख. पंधराव्या वर्षाच्या शेवटी खात्रीचे चोवीस लाख. त्या माणसाने याला ‘साठ टक्के नफा’ म्हटलं. तुमचा सरासरी रुपया तिथे दहाएक वर्षं पडून राहणार, तेव्हा हे वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतं. तेही वयाच्या ७८ व्या वर्षी, आणि तोवर दहा वर्षं पेन्शनचा तिसरा हिस्सा दर महिन्याला कापला जाणार. तुमच्यावर कोणी अवलंबून नाही, तुम्हाला आयुर्विम्याची गरजच नाही. असली पॉलिसी ६३ वर्षांच्या पेन्शनर बाईला विकणाऱ्याबद्दल इथे छापता येईल असं काही मला सुचत नाही.

मात्र वेळ अजून आहे. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ‘फ्री लूक’ म्हणतात त्याला. तुमची पॉलिसी ईमेलने आली, त्यालाही आता वीस दिवस झाले. ईमेल भाच्याचा, त्यामुळे तुम्ही ती उघडलीही नव्हती. उद्याच्या उद्या कंपनीच्या ईमेलवर दोन ओळी लिहा: पॉलिसी क्रमांक अमुक, फ्री लूकमध्ये रद्द करत आहे, पैसे माझ्या अमुक खात्यात परत करा. पोच मागून घ्या. मुद्रांक शुल्क आणि गेलेल्या दिवसांच्या जोखमीचे थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. दर महिन्याची आपोआप कपातही बँकेला सांगून वेगळी बंद करा, नुसती पॉलिसी रद्द केली म्हणून ती थांबेलच असं समजू नका. ‘मॅडम, एकदा विचार करा’ असे फोन येतील. घेऊ नका. कंपनी टाळाटाळ करू लागली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

त्यानंतर नंबर. आधी तुमच्या स्वतःच्या नावावरचं सिम, तुमच्याच फोनमध्ये. मग आधार केंद्र. मोबाईल नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, अंगठा लागतो, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. मग पेन्शनच्या बँकेत स्वतः जाऊन अर्ज द्या आणि ईमेलही बदला. भाचा शेजारी बसून मदत करू दे की, फक्त फोन तुमचा असू दे. तुमच्यामागे बँकेने पैसे त्याच्या हाती द्यावेत असं वाटत असेल तर त्याला नॉमिनी करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात.

आणि ते २८ लाख. मोठ्या बँका सध्या बचत खात्यावर अडीच टक्के देतात, म्हणजे सात महिन्यांत जेमतेम ४१ हजार. बँक बुडाली तर एका बँकेत विमा संरक्षण फक्त पाच लाखांना, व्याज धरून. बाकीचे २३ लाख उघड्यावर आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, हे महाराष्ट्रात तरी कोणाला सांगावं लागू नये. तुम्ही हीच रक्कम तुमच्या आताच्या बँकेहून लहान बँकेत न्यायला निघाला होतात. आणि ‘सात टक्क्यांपर्यंत’मधला ‘पर्यंत’ वाचा: वरचा दर ठरावीक रकमेच्या पुढच्या पैशांवरच मिळतो.

तीन लाख बँकेत राहू द्या, त्यातले एक-दोन मुदत ठेवीत. पंचवीस लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा तीस लाखांची, दर सध्या ८.२ टक्के, पाच वर्षांसाठी पक्का. दर तिमाहीला साधारण ५१ हजार खात्यात येतील. हे पैसे फोनवरून कोणी सहज पळवू शकत नाही, कारण ते काढायला साधारणपणे पोस्टात जावं लागतं. तुम्हाला ती गैरसोय वाटेल, मला तीच सोय वाटते. व्याजावर कर लागतो, मुदतीआधी मोडली तर दंड आहे, म्हणून तीन लाख बाहेर ठेवायला सांगितले. आजच्या अडीच टक्क्यांपेक्षा हे वर्षाला एक लाख चाळीस हजार जास्त होतात, महिन्याला बारा हजारांच्या आसपास. जवळजवळ त्या पॉलिसीच्या हप्त्याएवढे.

दुसरं ॲप सुचवणार नाही. नव्या खात्यातले चाळीस हजार काढून घ्या आणि खातं बंद करा. यूपीआय हवंच असेल तर एका वेगळ्या खात्याला जोडा, ज्यात दहा-पंधरा हजारांच्या वर कधी ठेवायचे नाहीत. काही गडबड दिसली तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, भाच्याला नंतर. आणि नंबर बदलून झाल्यावर त्याच्या फोनमधून तुमची सगळी बँक ॲप आणि त्याच्या नंबरवर तुमच्या खात्याचा जो यूपीआय पत्ता असेल तो काढून टाकायला सांगा, शक्यतो तो सुट्टीला घरी आला की तुमच्या समोर.