लिफ्टशेजारचा फ्लॅट

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांची. विशेष शिक्षणात बी.एड. केलंय. पिंपरी-चिंचवडमधल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका विनाअनुदानित शाळेत सात वर्षं शिकवते. पगार २१ हजार. मामेसासऱ्यांची वाकडला इस्टेट एजन्सी आहे. दोन वर्षांपासून शनिवार-रविवारी मी त्यांच्याकडे फ्लॅट दाखवायला जाते. गेल्या मार्चमध्ये भाड्याचे तीन व्यवहार जमले आणि दोन पगारांएवढे पैसे हातात आले. नवरा म्हणतो, शाळा सोड. माझ्याने सोडवत नाही. त्यात वर्गातल्या एका मुलाची आई म्हणतेय, ‘मॅडम, आम्हाला पण एखादा फ्लॅट बघा ना.’ दोन्ही निभेल का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. डोंबिवलीत नऊ वर्षं मी हेच केलं. सकाळी शाळा, संध्याकाळी दिरांच्या ऑफिसातला चाव्यांचा जुडगा. त्यामुळे निभतं, एवढं छातीठोक सांगते. अडतं कुठे, तर पत्राच्या शेवटी तू घाईघाईने उल्लेख केलास त्या आईपाशी.

माझ्याही वर्गातल्या एका आईला मी भाड्याचं घर बघून दिलं होतं. रीतीप्रमाणे एका महिन्याचं भाडं दलाली घेतली. तिने खुशीने दिली. पुढच्याच महिन्यात गिझर बिघडला, तर फोन मला, तोही वर्ग चालू असताना. तेही ठीक. पण सहा महिन्यांनी मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची बैठक होती. मुलगा शर्टाची बटणं लावायला शिकेल असं मी आराखड्यात लिहिलं होतं, आणि तो अजून दुसऱ्या बटणावरच अडकलेला. त्या बाईंनी मला धारेवर धरायला हवं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, ‘तुम्ही आमचं इतकं केलंत, आता तुम्हाला काय बोलणार!’ त्या एका वाक्याने मी दोन रात्री झोपले नाही. पालकाने शिक्षिकेशी भांडायला कचरता कामा नये. त्या घराने तिचं तोंड बंद केलं होतं.

तेव्हापासून शाळेतल्या पालकांचा एक रुपया घेतला नाही. मदत मात्र केली, कारण आपल्याला जे दिसतं ते इतर एजंटांना दिसत नाही. एकदा स्वमग्न मुलाच्या वडिलांना घर दाखवत होतो. दोन बेडरूम, पूर्वेची गॅलरी, भाडंही बजेटात. मुलगा दाराशीच थांबला आणि त्याने कानांवर हात ठेवले. फ्लॅट लिफ्टला लागून होता. कुणीतरी वर दार उघडं टाकलेलं आणि लिफ्टमधली बाई म्हणत होती, ‘कृपया दरवाजा बंद करा, कृपया दरवाजा बंद करा.’ वडील म्हणाले, सवय होईल. मी म्हटलं, होणार नाही. घरमालकाने रागाने बघितलं, दीर चार दिवस बोलले नाहीत. शेवटी त्याच सोसायटीत पॅसेजच्या पार टोकाचं घर मिळालं, आतून जरा जुनाट, पण शांत.

आता कागदपत्रांचं उरकते. नव्या, महारेरात (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट विकायचे असतील तर एजंट म्हणून स्वतःची महारेरा नोंदणी हवी. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. मामांचा नोंदणी क्रमांक म्हणजे तुझा क्रमांक नव्हे. विनानोंदणी पकडली गेलीस तर दिवसाला १० हजार रुपये दंड, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. भाड्याच्या व्यवहारांना ही नोंदणी लागत नाही. माझं ऐकशील तर तिथेच राहा. फक्त ११ महिन्यांचा करार नोंदवल्याशिवाय चावी देऊ नकोस, मालक कितीही ‘नंतर करू’ म्हणाला तरी. शाळेचं नेमणूकपत्र काढून वाच आणि संस्थेला लेखी कळव. सरकारी सेवेत असतीस तर १९७९ च्या वर्तणूक नियमांतल्या १६ व्या नियमाने आधी परवानगीच घ्यावी लागली असती. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे विशेष शिक्षक म्हणून असलेल्या तुझ्या नोंदणीचं नूतनीकरण विसरू नकोस. त्यासाठी लागणारे गुण ज्या कार्यशाळांतून मिळतात त्या बऱ्याचदा नेमक्या शनिवार-रविवारी असतात, म्हणजे तुझ्या साइट व्हिजिटच्या दिवशी. मी एकदा असाच घोळ घातला आणि नोंदणीच्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी कार्यशाळांमागे धावत सुटले.

वेळेचं म्हणशील, तर फोन दोन ठेव. धंद्याचा फोन शाळेत न्यायचाच नाही. सायलेंटवर ठेवते, असं मीही म्हणायचे. पर्समध्ये तो थरथरला की माझी नजर जायची, आणि मुलं आपल्या नजरेवर चालतात. चमचा तोंडापर्यंत आलेला पोरगा तेवढ्यात ताटलीत हात घालायचा. दुसरं, आठवड्यातल्या संध्याकाळी घरं दाखवू नकोस. दिवसभर मुलांना उचलून, पुसून, समजावून घरी आलेलं माणूस गिऱ्हाइकाशी गोड बोलू शकत नाही. मी तरी नाही बोलू शकले.

नवऱ्याला सांग, मार्चवरून वर्षाचा हिशेब मांडू नये. मे-जूनमध्ये बदल्या, ॲडमिशनं, तेव्हा भाड्याची झुंबड असते आणि तुला सुट्टीही असते; तेव्हा भरपूर काम कर. मग पितृपक्षात ऑफिसात बसून बघा दोघं, टोकन द्यायला कोण येतं ते. तेव्हाचं किराणा सामान तुझ्या २१ हजारांतूनच येणार आहे.

आणि त्या आईबरोबर जरूर जा. दलाली घेणार नाही हे पहिल्याच फोनवर सांग, मामांनाही. घर बघायला जाल ते पहाटे, पाण्याचा पंप सुरू असताना.