टाळकऱ्याच्या घरी तरुण मुलगा गेलाय. भजनी मंडळाने काय करावं?

तुमचा प्रश्न असा: हरिपाठ मंडळातल्या एका टाळकऱ्याचा पंचविशीतला, लग्न झालेला मुलगा अपघातात गेला. आज चौथा दिवस. घरी जाऊन हरिपाठ करावा का, सुतक आड येतं का, आणि तिथे बोलायचं काय?

हरिपाठ करा, आज संध्याकाळपासूनच. घरातली देवपूजा सुतकात थांबते, नामाला ती आडकाठी नाही. नाम घ्यायला काळवेळ बघायची नसते, हे आपण रोज म्हणतो त्या हरिपाठातच आहे. तरी भाऊबंदांची रीत वेगळी असू शकते, म्हणून आधी विचारा. मात्र बापाला विचारू नका. त्याला आज कुठलाच निर्णय घ्यायला लावू नये. चुलता, मामा किंवा थोरला जावई यांच्यापैकी एकाशी बोला आणि वेळ ठरवून घ्या. दिवे लागल्यावर, पाहुण्यांची वर्दळ ओसरली की जा.

पाच-सहा जण पुरेत. वीणा आणि टाळांचे दोन जोड न्या. माइक नको, पावली म्हणजे टाळाच्या तालावर पावलं टाकत नाचणंही नको. दहाव्यापर्यंत मृदंगही नको असं माझं मत आहे, कारण छोट्या घरात त्याची थाप अंगावर येते. पुढे कधी नेलाच तर डाव्या पुडीला लावायची कणीक घरून भिजवून न्या आणि स्वर बाहेर अंगणातच जमवून घ्या. दारात उभं राहून 'जरा कणीक द्या' म्हटलं की त्या माउलीला उठून पिठाच्या डब्याकडे जावं लागतं. एवढ्याशा गोष्टीनेही माणूस कोसळतो. सत्तावीस अभंग साध्या चालीत अर्ध्या तासात होतात. शेवटी पसायदान म्हणा. आरती आणि प्रसाद ठेवू नका. चहाला नको म्हणा, पाणी प्या आणि दहा मिनिटं नुसतं बसा. ती दहा मिनिटं हरिपाठाइतकीच मोलाची आहेत, आणि नेमकी तीच आपल्याला जड जातात. मग कोणीतरी शांतता भरून काढायला बोलायला लागतो आणि तिथेच गाडी घसरते.

'आत्मा अमर आहे', 'देवाला चांगली माणसं आवडतात', 'रडू नका, त्याचा जीव अडकेल' यातलं एकही वाक्य नको. बोलणाऱ्याला तो धीर वाटतो, ऐकणाऱ्याला गप्प बसण्याचा हुकूम वाटतो. 'वारकऱ्याने रडायचं नसतं' हे तर संप्रदायाला धरूनही नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग बघा. त्यात खुद्द निवृत्तिनाथांचा बांध फुटतो. थोरला भाऊ आणि वर गुरू, तरी फुटतो. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीचं कीर्तन होतं आणि ऐकणारे डोळे पुसत असतात. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, तेही त्यांनी झाकून ठेवलं नाही. तेव्हा तुमचे टाळकरी काका रडले तर रडू द्या, शेजारी बसून राहा. बोलायचंच असेल तर मुलाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. लोक नाव टाळतात आणि आईबापांना तेच तर ऐकायचं असतं. अपघात कसा झाला, हेल्मेट होतं का, हे मात्र विचारू नका. चार दिवसांत त्यांनी ते पन्नास वेळा सांगितलेलं असतं.

सुनेचं विशेष बघा. बाप्ये ओटीवर बसतात, आई सगळ्यांना दिसते, पण ती पोरगी आतल्या खोलीत एकटी असते. मंडळातल्या दोघी-तिघींनी दुपारी स्वतंत्र जावं. नंतर ती हरिपाठाला आली तर इतरांना लावता तसाच तिच्याही कपाळी बुक्का लावा, न अडखळता. कुंकवावरून समाज माणसं वेगळी काढतो, बुक्का सगळ्यांना सारखा. हात क्षणभर जरी थबकला तरी तिला कळतं.

दहाव्याला घाटावर प्रवचन ठेवणार असतील तर महाराजांना आदल्या दिवशी फोन करा. मुलाचं नाव, वय, मागे कोण कोण आहे ते सांगा आणि अपघात, कर्मभोग, पाप-पुण्य हे विषय घेऊ नका म्हणून स्पष्ट विनंती करा. पाऊण तास पुरे. खरा घोळ श्रद्धांजलीच्या भाषणांनी होतो. प्रत्येक संस्थेचा, पक्षाचा माणूस माइक मागतो आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघत घरची माणसं उन्हात ताटकळतात. तीनच नावं आधी ठरवा आणि माइकजवळ मंडळाचा खमका माणूस उभा करा.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं, आणि मंडळाची खरी गरज तिथून सुरू होते. दोन-दोन जणांच्या पाळ्या कागदावर लिहा, आठवड्यातून दोनदा, निदान तीन महिने. 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कोणी सांगत नाही. 'मंगळवारी भाकरी-भाजी आणतो' असं म्हणा. कागदपत्रांची कामं मंडळातल्या जाणत्या माणसाकडे द्या: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, दाखल्याच्या आठ-दहा प्रती, पोलिसांकडून एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या नकला. नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल होईल असं बघा, त्यासाठी वकील लवकर गाठा. मुलाचा वाढदिवस, पहिली दिवाळी आणि आषाढी या तारखा वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी जा.

महिना-दीड महिन्यानंतरही कोणी जेवत नसेल, झोपत नसेल, तर डॉक्टरकडे न्या. 'मला पण त्याच्याकडे जायचंय' असं कोणी म्हणालं तर महिना उलटायची वाट बघू नका, माणूस एकटा सोडू नका. मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस सेवेचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे. नामाने होईल बरं म्हणून थांबणं चूक आहे.

काका मंडळात कधी परततील याची घाई करू नका. त्यांचे टाळ पेटीत वेगळे, पिशवीत बांधून ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. दोरी झिजली असेल तर बदला. आले की दाराजवळची जागा द्या, म्हणजे मध्येच उठून जाता येतं. टाळ समोर ठेवा, हातात देऊ नका. काही जण महिना-दोन महिने नुसते बसतात, मग एखाद्या दिवशी कुठल्यातरी अभंगाला आपणच पिशवी सोडतात. त्या वेळी कोणी वळून बघू नये, चाल तशीच सुरू ठेवावी.