लिनक्स मिंट टाकल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' येतंय, फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडच्या वर्कशॉपसाठी एमजी रोडवरून सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, चौथ्या पिढीचा आय5, 240 जीबीची एसएसडी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 11 या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून टॅलीपुरतं विंडोज ठेवून शेजारी मिंट (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. पहिल्यांदा चाललं. मिंटचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) लहान पडलं म्हणून ते उडवून पुन्हा टाकलं, तेव्हा शेवटी ग्रब (मशीन चालू होताना कोणती सिस्टीम उघडायची त्याचा मेनू दाखवणारा छोटा प्रोग्राम) बसवता आला नाही अशी सूचना आली आणि तुम्ही ओके दाबलं. आता मशीन चालू केलं की 'ग्रब' आणि लुकलुकता कर्सर. बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं तर विंडोज नीट उघडतं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा.

मारू नका. विंडोज उघडतंय म्हणजे डिस्क, पार्टिशन टेबल आणि टॅलीचा डेटा जागेवर आहे. बिघडलाय तो फक्त ग्रबकडचा मिंटचा पत्ता.

विंडोजने डिस्कच्या सुरुवातीला साधारण 100 एमबीचं फॅट32 पार्टिशन केलेलं असतं, त्याला ईएसपी म्हणतात. मिंटची बूट फाइल तिथेच बसते, आणि फोल्डरचं नाव 'उबुंटू' असतं, त्याने गोंधळू नका. त्यात जेमतेम तीन ओळींची एक सेटिंग फाइल असते: अमुक यूयूआयडीचं (प्रत्येक पार्टिशनचा वेगळा ओळख क्रमांक) पार्टिशन शोध, खरा मेनू तिथे आहे. तुम्ही जुनं पार्टिशन उडवलंत, नव्याला नवा यूयूआयडी मिळाला, पण ही फाइल बदललीच गेली नाही. म्हणून ग्रब चालू होतो, पत्ता सापडत नाही आणि तिथेच थांबतो. ('ग्रब रेस्क्यू' असं दिसत असतं तर त्याला स्वतःचे मॉड्यूलही (कामाचे सुटे भाग) मिळत नाहीत असा अर्थ झाला असता. तुमचं त्यापेक्षा बरं आहे.)

फाइल का बदलली नाही? दुसऱ्या वेळी मिंटचा पेनड्राईव्ह लेगसी मोडमध्ये (नव्या यूईएफआय पद्धतीऐवजी जुन्या बायोस पद्धतीने) बूट झाला असणार. या वयाच्या मदरबोर्डवर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग) चालू असेल तर बूट मेनूत एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहून. नुसत्या नावाचा निवडला की इन्स्टॉलर जुन्या पद्धतीचा ग्रब बसवायला जातो, जीपीटी डिस्कवर (पार्टिशनची नवी मांडणी असलेल्या) त्याला लागणारं छोटं 'बायोस बूट' पार्टिशन नसतं, आणि ती सूचना येते. ओके दाबून पुढे जायची ती सूचना नव्हे.

आता दुरुस्ती. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. डेस्कटॉप यूपीएसवर घ्या, मध्येच लाईट गेली तर काम वाढेल. बूट मेनू (डेलला एफ12, एचपीला एफ9) उघडून 'यूईएफआय' लिहिलेलाच पेनड्राईव्ह निवडा. लाईव्ह मिंट (पेनड्राईव्हवरूनच चालणारं) आलं की आधी बघा, सिस फोल्डरात फर्मवेअर आणि त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का. नसेल तर पुन्हा लेगसीतच आलात, पुढे काही करू नका.

हाताशी दुसरी डिस्क असेल तर टॅलीचा डेटा फोल्डर आत्ताच कॉपी करून घ्या. विंडोजचं पार्टिशन नुसतं वाचण्यापुरतंच उघडलं तर घाबरू नका, विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे (मशीन पूर्ण बंद न करण्याची सोय) तसं होतं. कॉपी तरीही होते.

सोपा मार्ग: मिंटच्या लाईव्ह मेनूत 'बूट रिपेअर' असतं. मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, कारण त्याला पॅकेज उतरवावी लागतात, आणि 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. तुमच्यासारख्या केसमध्ये ते बहुतेक पुरतं.

मला स्वतःला हाताने करणं जास्त पटतं, कुठे अडलं ते लगेच कळतं. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' ला 'डॅश एफ' लावून यादी काढा. ईएक्सटी4 लिहिलेलं मोठं पार्टिशन (समजा एसडीए5) हे मिंट, व्हीफॅट लिहिलेलं छोटं ते ईएसपी. मिंटचं 'एमएनटी' वर माउंट करा (म्हणजे त्या फोल्डरात उघडा), ईएसपी त्याच्या आतल्या 'बूट/ईएफआय' वर. ते फोल्डर नसेल तर बनवा. मग डेव्ह, प्रोक, सिस आणि रन ही चार फोल्डरं 'आरबाइंड' ने आत जोडा. साधं 'बाइंड' वापरलं तर सिसच्या पोटातले ईएफआय व्हेरिएबल आत येत नाहीत आणि बूट एंट्री लिहिता येत नाही. बरेच जण इथेच अडकतात. 'सीएचरूट' करून (डिस्कवरच्या मिंटलाच चालू सिस्टीम समजून) आत जा आणि 'ग्रब-ईएफआय-एएमडी64', त्याचंच 'साइन्ड' पॅकेज आणि 'शिम-साइन्ड' ही तीन इन्स्टॉल करा. लेगसीत टाकलेल्या मिंटमध्ये ती नसू शकतात, आणि मग नुसतं 'ग्रब-इन्स्टॉल' चालवून उपयोग होत नाही. त्यानंतर 'ग्रब-इन्स्टॉल', मग 'अपडेट-ग्रब'. शेवटी 'एफएसटॅब' (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) उघडून ईएसपीची ओळ आहे ना ते बघा. नसेल तर घाला, नाहीतर पुढच्या ग्रब अपडेटला पुन्हा हीच गंमत.

मशीन सुरू झालं की बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा. सेटिंग टिकत नसेल आणि तारीखही मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर2032 सेल संपलाय. जुन्या डेस्कटॉपमध्ये हे नेहमीचं. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलल्याशिवाय लाईट गेली की मोड परत लेगसीवर जाऊ शकतो.

मेनू आला पण मिंट निवडल्यावर पडदा काळाच राहिला, तर तो ग्राफिक्सचा प्रश्न. मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा, एफ10 दाबा. बूट होताना दीड मिनिट अडकत असेल तर 'एफएसटॅब' मध्ये उडवलेल्या पार्टिशनचा, बहुतेक वेळा स्वॅपचा (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा), यूयूआयडी राहिलेला असतो.

आणि मेनूत विंडोज दिसलं नाही तर ते गेलं असं समजू नका. ग्रब 2.06 पासून दुसरी सिस्टीम शोधणं मुळात बंद असतं; मिंट ते सहसा चालू ठेवतं, पण तुमच्याकडे बंद राहिलं असू शकतं. 'इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही ओळ (शब्दांमध्ये अंडरस्कोर, सगळी कॅपिटल) 'फॉल्स' करा आणि 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालवा.