रडारची ‘स्वाक्षरी’ की ‘लक्षण’?

प्रश्न आपल्या वडोदऱ्यातल्याच एका वाचक ताईंचा आहे. विमानातून घेतलेल्या रडार-प्रतिमा कशा वाचायच्या, यावरची इंग्रजी टिपणं त्या मराठीत आणताहेत. ‘टार्गेट सिग्नेचर’, म्हणजे प्रतिमेतल्या ज्या खुणांवरून एखादी वस्तू ओळखू येते त्या, यासाठी त्यांनी ‘लक्ष्याची स्वाक्षरी’ असं लिहिलं. एका सहकाऱ्याने ‘ठसा’ सुचवलं, दुसऱ्याचं म्हणणं पडलं की ‘सिग्नेचर’ आहे तसंच राहू द्या. नमुन्यादाखल त्यांनी एक वाक्य पाठवलं आहे: ‘प्रत्येक लक्ष्याची स्वतःची रडार-स्वाक्षरी असते व तिच्यावरून लक्ष्य ओळखता येते.’ शिवाय ‘इंटरप्रिटेशन’ला वाचन म्हणावं की अर्थनिर्णयन, हेही त्यांना हवं आहे.

माझं मत आधीच सांगतो. ‘लक्ष्य’ ठेवा, ‘स्वाक्षरी’ काढा आणि तिथे ‘लक्षण’ घाला. नुसता कानाला बरा वाटतो म्हणून नव्हे. ‘स्वाक्षरी’ या शब्दामुळे वरचं वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेच चुकतं, आणि ‘लक्षण’ म्हटलं की ते आपोआप ताळ्यावर येतं.

सही म्हणजे काय? माणसाने स्वतः केलेली, त्याची एकट्याची, आणि दर वेळी तशीच यावी अशी अपेक्षा असलेली खूण. चेकवरची सही थोडी जरी निराळी आली तरी बँक चेक परत पाठवते. ठसा तर याच्याही पुढचा. बोटाचा ठसा जन्मभर बदलत नाही. रडारमध्ये नेमकं उलटं घडतं. उभ्या असलेल्या जीपकडे एका बाजूने पाहिलं तर तिचे चार-पाच कोपरे झगझगीत उमटतात. विमान काही अंशांनी सरकलं की त्यातले दोन विझतात आणि तिसऱ्याच ठिकाणी नवा ठिपका पेटतो. जीप तीच, जागा तीच. अशा बदलत्या दिसण्याला ‘स्वाक्षरी’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात एक कायमचा शिक्का बसतो आणि तो प्रतिमेत तोच शिक्का शोधत राहतो.

हे जरा जवळून पाहू. आपला सूरसागर घ्या. समजा, पूर्वेकडून एक विमान रडार घेऊन चाललं आहे आणि तिरक्या नजरेने, म्हणजे पश्चिमेकडे वाकून, तलावाकडे पाहतं आहे. वारा पडलेला असेल तर पाणी आरशासारखं वागतं. रडारकडून आलेली रेडिओलहर ते पुढे पश्चिमेकडेच उडवून लावतं, रडारकडे काही परतत नाही, आणि सगळा तलाव काळाभोर दिसतो. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की तोच तलाव करडा होतो. काठाच्या दगडी भिंतींपैकी पश्चिमेची भिंत विमानाकडे तोंड करून आहे. पाण्यावर आपटून भिंतीवर आणि भिंतीवरून माघारी, अशा दुहेरी उडीने तिथे उजळ रेघ उमटते. पूर्वेची भिंत विमानाकडे पाठ करून उभी, म्हणून तिची रेघच नाही. काठ चारही बाजूंनी बांधलेला आहे, पण प्रतिमेत एकच बाजू बांधलेली वाटेल.

आता मधली शंकराची १११ फुटी मूर्ती. तिचं मस्तक पायथ्यापेक्षा विमानाला जवळ. रडार अंतर मोजतं ते प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून. मस्तकाचा प्रतिध्वनी आधी पोचतो, म्हणून मस्तक पायथ्याच्या अलीकडे, विमानाच्या बाजूला पाण्यावर कलंडलेलं दिसतं. मूर्तीच्या मागे पश्चिमेला रडारची सावली पडते. सावली ही फार कामाची चीज, कारण उजळ ठिपके कोनागणिक उड्या मारतात, तर सावली वस्तूची बाह्यरेषा बऱ्यापैकी धरून ठेवते. पण इथे सावलीही काळी आणि पाणीही काळं, त्यामुळे तोही पुरावा हातचा जातो. तीच मूर्ती मैदानात असती तर सावलीवरूनच उंचीचा अंदाज बांधता आला असता.

आता सांगा, यात मूर्तीची ‘सही’ कुठली? इथे आहेत ती लक्षणं. काही मूर्तीमुळे, काही पाण्यामुळे, काही वाऱ्यामुळे, काही विमान कुठून गेलं त्यामुळे.

‘लक्ष्य’ आणि ‘लक्षण’ हे दोन्ही शब्द ‘लक्ष्’ या एकाच धातूचे. पाहणं, टिपणं, खुणेवरून जाणणं हा त्याचा अर्थ. लक्ष देणं, लक्षात येणं, लक्षणीय, विलक्षण ही सगळी त्याचीच भावंडं. ‘लक्ष्य’ म्हटलं की आपल्याला धनुष्यबाण आठवतो, म्हणून टिनाचं छप्पर किंवा होडी यांना लक्ष्य म्हणताना जीभ अडखळते. पण धातूचा अर्थ धरला तर लक्ष्य म्हणजे ‘जे टिपायचं, जाणायचं ते’. रडारवाले टार्गेट म्हणतात तेही याच अर्थाने. ज्याच्याकडून प्रतिध्वनी येतो ते टार्गेट, मग त्यावर बाण सोडायचा असो वा नसो. (‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ यांची गल्लत मात्र छापताना होऊ देऊ नका. वर्तमानपत्रांत ती रोज होते.)

आणि ही जोडी नुसती धातूमुळे जमलेली नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, लक्ष्य आणि लक्षण हे जोडशब्दच आहेत. ज्याची व्याख्या करायची ते लक्ष्य, ज्या धर्माने, म्हणजे गुणाने, ते इतरांपासून वेगळं काढायचं ते लक्षण. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथावरची त्याचीच ‘दीपिका’ ही टीका लक्षणाचे तीन दोष सांगते आणि गायीचं उदाहरण देते. ‘कपिल (पिंगट) रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘एका खुराची ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

रडार-प्रतिमेत लक्ष्य ओळखण्याचं सगळं भांडण पहिल्या दोन दोषांचं आहे. ‘झगझगीत ठिपका म्हणजे वाहन’ असं लक्षण धरलं तर विजेचा मनोरा, पत्र्याचं शेड, कुंपणाचा कोपरा, सगळी वाहनं ठरतात. यालाच रडारवाले ‘फॉल्स अलार्म’ म्हणतात. लक्षण आवळलं, ‘अमुक लांबीचा, अमुक इतका उजळ ठिपका’ म्हटलं, की झाडाखालची किंवा वेगळ्या कोनात उभी असलेली वाहनं निसटतात. एक दोष कमी करायला जावं तर दुसरा वाढतो. लक्षण तेच ठेवून नुसता उंबरठा, म्हणजे किती उजळ ते धरायचं ही मर्यादा, वरखाली केल्याने सुटका नाही, लक्षणच अधिक चांगलं शोधावं लागतं. ताई, तुमच्या टिपणांत ‘फॉल्स अलार्म’ आणि ‘मिस्ड डिटेक्शन’ येणारच. तिथे अतिव्याप्ती आणि अव्याप्ती बेलाशक वापरा, पहिल्यांदा एक ओळ समजावून द्या. खोटा इशारा, हुकलेला शोध असल्या जुळवाजुळवीपेक्षा हे कितीतरी नेमकं आहे.

आणखी एक भेद आपल्याकडे तयार आहे: स्वरूपलक्षण, म्हणजे वस्तूच्या अंगचं, आणि तटस्थलक्षण, म्हणजे बाहेरून जोडलं गेलेलं. देवदत्ताचं घर कोणतं? तर तो कावळा बसलाय ते. या क्षणी घर सापडतं, पण कावळा घराचा नव्हे, उडाला की खूण गेली. हे तटस्थलक्षण. रडारमध्येही असंच झालं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत रणगाडे आणि लष्करी वाहनांच्या रडार-प्रतिमांचा ‘एमस्टार’ नावाचा मोठा संच तयार झाला. साधारण ३० सेंटिमीटर इतका बारीक तपशील त्यात आहे. संगणकाला लक्ष्यं ओळखायला शिकवणारे आजही त्यावर हात बसवतात आणि टक्केवारीही भरघोस येते. पण पुढे तपासल्यावर दिसलं की त्या प्रतिमांत वाहनाभोवतीची जमीनही बोलत असते. एका प्रकारची वाहनं एकाच जागी उभी करून टिपलेली, त्यामुळे संगणक वाहनाऐवजी मागचं मैदानही ओळखू शकतो. मैदान बदललं की विद्या संपली. हा थेट देवदत्ताच्या घरावरचा कावळा आहे. ‘स्वाक्षरी’ या शब्दात हा भेद मांडायला जागाच नाही. ‘लक्षण’ म्हटलं की ‘हे स्वरूपाचं की तटस्थ?’ हा प्रश्न शब्दाच्या पोटातूनच उभा राहतो.

वाचन सुधारायचं म्हणजे तटस्थ लक्षणं गाळत स्वरूपाच्या जवळ जायचं. त्याचे काही मार्ग तुमच्या टिपणांत असतीलच. तीच जागा दोन-तीन दिशांनी टिपली तर कोनामुळे आलेलं काय आणि वस्तूचं काय, हे वेगळं होतं. आडवी लहर पाठवून उभी परत आली का, हे पाहिलं तर झाडोरा आणि धातू यांतला फरक कळायला मदत होते, कारण पानाफांद्यांत लहर अनेकदा उलटसुलट होऊन वळण बदलते. (लहरीच्या या आडव्या-उभ्या वळणाला ‘ध्रुवण’ म्हणा, ‘ध्रुवीकरण’ आता राजकारणाने नेलं.) प्रतिमाभर जो मीठमिरीसारखा दाणेदारपणा असतो, तो एकाच चौकटीतल्या असंख्य बारीक प्रतिध्वनींच्या बेरीज-वजाबाकीतून येतो. अनेक नोंदींची सरासरी काढली की तो बसतो, पण प्रत्येक सरासरीत थोडा तपशीलही जातो.

चालत्या वस्तूंचा गोंधळ वेगळाच. संश्लेषित छिद्राचं रडार (सिंथेटिक अपर्चर रडार, म्हणजे विमानाच्या वाटेवरच्या अनेक नोंदी जोडून बारीक तपशिलाची प्रतिमा बनवणारं), ज्याची कल्पना कार्ल वायली या अमेरिकी अभियंत्याने १९५१ साली मांडली, वस्तू स्थिर आहे असं धरून चालतं. विमान सेकंदाला १०० मीटर वेगाने जात असेल, लक्ष्य १० किलोमीटरवर असेल आणि ते रडारच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर सरकत असेल, तर प्रतिमेत ते खऱ्या जागेपासून ५०० मीटर बाजूला उमटतं. प्रतापनगर स्टेशनकडे निघालेली आगगाडी रूळ सोडून शेतातून धावताना दिसेल. ज्याला हे ठाऊक आहे तो शेतातल्या गाडीवरून तिचा वेग काढतो. म्हणजे दोषच लक्षण बनतो.

आता ‘ओळखणे’. तुमच्या वाक्यात ‘लक्ष्य ओळखता येते’ असं सरसकट आलं आहे. ‘रडार’ हा शब्दच अमेरिकी नौदलाने १९४० साली ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ची आद्याक्षरं घेऊन रूढ केला. काहीतरी आहे आणि ते इतक्या अंतरावर आहे, एवढंच त्या नावात आहे. ते काय आहे, हे नंतरचं काम. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दृश्य उपकरणांसाठी पायऱ्या पाडल्या, त्यांतल्या मुख्य तीन: काहीतरी आहे हे कळणं, कोणत्या जातीचं आहे ते कळणं, नेमकं कोणतं आहे ते कळणं. प्रत्येक पायरीला अधिकाधिक तपशील लागतो. मराठीत या तिन्हींसाठी रोजच्या वापरातले शब्द आहेत: चाहूल लागणे, ओळखणे, ओळख पटणे. ‘मृताची ओळख पटली’ असं बातमीत येतं तेव्हा पुरावा जुळला, शंका फिटली, असा अर्थ असतो. नुसतं ‘ओळखलं’ म्हटलं तर ती खात्री येत नाही. ‘डिटेक्शन’ला चाहूल फार घरगुती वाटत असेल तर ‘शोध’ चालेल, पण ‘आयडेंटिफिकेशन’ला ‘ओळख पटवणे’ याच्याहून चांगला शब्द मला दिसत नाही.

‘इंटरप्रिटेशन’ला वाचन म्हणा. ‘अर्थनिर्णयन’ कायद्याच्या पुस्तकात शोभतं, जिथे शेवटी निर्णय द्यायचाच असतो. रडार-प्रतिमा वाचणारा माणूस बऱ्याचदा ‘बहुधा अमुक, खात्रीसाठी दुसऱ्या बाजूची नोंद हवी’ इथेच थांबतो, आणि थांबलंच पाहिजे. ‘वाचन’ या शब्दात लिपी शिकावी लागते हेही येतं. कलंडलेली मूर्ती, काळं पाणी, रूळ सोडलेली गाडी ही त्या लिपीतली अक्षरं.

‘सिग्नेचर’ तसंच ठेवा म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सयाजीराव महाराजांच्या काळात याच शहरातून १९३१ साली ‘सयाजी शासनशब्दकल्पतरू’ निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे पर्याय एका रांगेत मांडले. त्यातून दिसतं ते असं, की वडोदऱ्यात शब्द निवडताना शेजारच्या भाषेत तो चालेल का, हे पाहायची रीत जुनी आहे. ‘लक्षण’ गुजरातीत चालतो, हिंदीत चालतो. अहमदाबादच्या इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्रात विमानावरची रडारं बनली, ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचं एस-बँड रडारही तिथलंच. तुमचे विद्यार्थी उद्या तिथे गेले तर ‘लक्षण’ त्यांच्याबरोबर जाईल, ‘स्वाक्षरी’ समजावून सांगावी लागेल.

एक अडचण खरी आहे. ‘याची लक्षणं ठीक दिसत नाहीत’ असं आपण माणसाबद्दल म्हणतो, त्यामुळे एकट्या ‘लक्षणं’ला दूषणाचा वास येऊ शकतो. म्हणून ‘रडारलक्षण’ असा जोडशब्द करा आणि शक्यतो अनेकवचनात वापरा. तुमचं वाक्य मग असं होईल: ‘एकाच लक्ष्याची रडारलक्षणं पाहण्याचा कोन, तरंगलांबी आणि ध्रुवण यांप्रमाणे बदलतात, म्हणून लक्ष्याची ओळख पटवताना ती एकाहून अधिक नोंदींतून घ्यावीत.’ मूळ इंग्रजी वाक्यापेक्षा हे थोडं लांबलं आहे, पण तळटीप देऊन तेवढं स्वातंत्र्य घ्या.