कुळागराच्या माथ्यावरचा टेलिंग बांध: दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न : गोव्यातील डिचोली तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर (पोफळीची बाग) आहे. त्याच्या वरच्या अंगाला बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणीचा टेलिंग पॉण्ड (खनिज धुतल्यावर उरणारा गाळ, म्हणजे टेलिंग, साठवण्याचे तळे) असून त्याचा मातीचा बांध खाजगी जमिनीत आहे. गेल्या ऑगस्टअखेर बांधाच्या पायथ्याशी लाल पाणी झिरपू लागले आणि खालच्या पोफळी गाळात गेल्या. जलसंसाधन खाते म्हणते हे धरण नव्हे, खाण खाते म्हणते लीज संपले, पंचायत म्हणते जमीन खाजगी. मालक अभियंत्याचा दाखला दाखवतो. झाडांची भरपाई द्यायला तो तयार आहे, पण ‘यापुढे तक्रार नाही’ असे लिहून मागतो. पावसाआधी काय करता येईल? (पत्र 12 मार्चचे.)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘ऑगस्टअखेर’ हा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 14 खाली पर्यावरणाच्या वादासाठी अर्ज करण्याची मुदत कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची आहे आणि ती फेब्रुवारीअखेर संपली. सबळ कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात, म्हणजे आपल्या हाती जेमतेम एप्रिलअखेरपर्यंतचा वेळ आहे. नुकसानभरपाई आणि जमीन पूर्ववत करून मिळण्यासाठी कलम 15 खाली पाच वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो हक्क शाबूत आहे. परंतु बांध पावसाआधी सुरक्षित करून घेणे हा आपला खरा हेतू असल्याने पहिल्या मुदतीवर पाणी सोडू नये. गोव्यातील अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जातात, आणि भरपाई न मागणाऱ्या अर्जाचे शुल्क 1,000 रुपये आहे. दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमासाठी दावा लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल, पण न्यायाधिकरणाच्या कक्षेतील बाबींना कलम 29 ने दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे. त्या मुद्द्यावरच वर्ष निघून गेल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत.

आता खात्यांच्या उत्तरांकडे वळू. जलसंसाधन खात्याचे म्हणणे वरवर टोलवाटोलवीचे वाटले तरी त्याला आधार आहे. धरण सुरक्षा कायदा, 2021 मधील व्याख्येनुसार धरण म्हणजे नदीवर किंवा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी वा वळवण्यासाठी घातलेला बांध. डोंगरउतारावर गाळ साठवण्यासाठी घातलेला बांध कितीही उंच असला तरी त्या व्याख्येत सहज बसत नाही. मात्र जुन्या सर्व्हे नकाशावर त्या जागी व्हाळ (ओढा) दाखवलेला असेल, तर हा मुद्दा पुन्हा उघडता येतो. तो नकाशा आधी काढून घ्या.

खाण खात्याचे उत्तर मात्र मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातील 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले, म्हणून त्याआधी साठवलेल्या गाळाची जबाबदारी पुसली गेली असे होत नाही. खनिज संवर्धन व विकास नियम, 2017 नुसार टेलिंग खास तयार केलेल्या जागेतच, आणि ते वाहून जाऊन शेतजमिनीचे वा पाण्याचे नुकसान होणार नाही अशा रीतीने ठेवावे लागते. या नियमांची अंमलबजावणी भारतीय खाण ब्युरो करतो आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. या ब्युरोला आपण अजून पत्रच लिहिलेले दिसत नाही. पॉण्ड लीजच्या हद्दीत होता की बाहेर, हेही विचारा, कारण 2014 च्या निकालात न्यायालयाने हद्दीबाहेर खनिज टाकण्यास मनाई केली आहे.

‘आमच्या कायद्यात बसत नाही’ हे उत्तर किती महाग पडते, ते दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेनने पाहिले. तेथील खाजगी मालकीचा टेलिंग बांध 11 सप्टेंबर 2022 रोजी फुटला, तेव्हा तेथील खाण खात्याने 2007 च्या एका निकालाकडे बोट दाखवून तो आपल्या अखत्यारीत नसल्याचे सांगितले.

मालकाच्या दाखल्याने दबून जाऊ नका. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यू येथील बांध स्थिर असल्याचा दाखला काही महिन्यांपूर्वीच मिळालेला असताना तो 25 जानेवारी 2019 रोजी कोसळला आणि 270 माणसे गेली. दाखल्यावर तारीख कोणती, पाहणी पावसाळ्यात झाली की उन्हाळ्यात, आणि झिरपा त्यात नोंदला आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शिवाय बांध फुटणारच हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नाही. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 20 नुसार न्यायाधिकरणाने सावधगिरीचे तत्त्व लावायचे असते, आणि आपली कृती निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी ती करणाऱ्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या वेल्लोर प्रकरणात 1996 सालीच ठरले आहे.

पुरावा साधाच असू द्या. बांधाच्या पायथ्याचे झिरपे रोज ठरावीक वेळी एका काचेच्या बाटलीत भरा, तारखेची चिठ्ठी लावा आणि तळाशी माती बसते का ते पाहा. स्वच्छ झिरपा मातीच्या बांधाला असतोच, पण गढूळ पाणी म्हणजे बांध आतून पोखरला जात असल्याची खूण, असे अभियंते मानतात. बाटल्या आणि फोटो आपल्याच जमिनीतून घ्या. मालकाच्या कुंपणात शिरलात तर तोच आपल्यावर अतिक्रमणाची तक्रार करील. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या व एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा उतारा) जोडा.

त्याच जोडीने उपजिल्हाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करा. पंचायतीने ‘जमीन खाजगी’ म्हणून हात झटकले असले तरी कोसळून इजा होण्याजोगे बांधकाम दुरुस्त करण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार या कलमात आहे, आणि त्याला जमिनीची मालकी आड येत नाही. प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्या. माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून बांधाच्या तपासणीचे अहवाल मागताना, जीविताचा प्रश्न असल्याचे स्पष्ट लिहून 48 तासांत माहिती देण्याची तरतूद वापरा.

राहिला भरपाईचा कागद. ‘यापुढे तक्रार नाही’ या वाक्याखाली सही करू नका. पैसे घ्यायचेच असतील, तर ‘मागील पावसात गाळाने मेलेल्या इतक्या पोफळींपोटी, बांधाबाबतचे सर्व हक्क राखून’ अशी आपल्या शब्दांतली पावती द्या. मालक ती स्वीकारत नसेल, तर त्याचा नकार आणि त्याने दिलेला मसुदा हे दोन्ही जपून ठेवा. अर्जाला जोडता येतील.