'हॉस्पिटल मॅनेजमेंटला घालायचं ठरवलंय'

इंदूरच्या एका आईचं पत्र आहे: 'मेडिकलच्या नीट परीक्षेत मुलीचं दोनदा हुकलं. माझ्या सासरकडे सगळे डॉक्टर. आता तिला हॉस्पिटल मॅनेजमेंटला घालायचं ठरवलंय, निदान हॉस्पिटलात तरी असेल. पुढे सरकारी रुग्णालयात अधीक्षक होईल ना? तिचे बाबा म्हणतात, हे रिसेप्शनचं काम.'

ताई, पत्रात तिचे मार्क आहेत, दीर-जावांच्या डिग्र्या आहेत. तिला काय हवंय, यावर एक ओळ नाही. 'घालायचं ठरवलंय' हे मला फार बोचलं. बालवाडीत घालतात तसं मोठ्या मुलीला कुठे घालता येत नाही. 'निदान हॉस्पिटलात तरी' म्हणजे लग्नकार्यात चारचौघांना सांगायला बरं, एवढंच ना? ते ओझं तिच्या डोक्यावर देऊ नका. दोन निकाल पचवलेल्या मुलीला आधी थोडी उसंत द्या. कोर्सचं नंतर बघू.

आता तिच्या बाबांसाठी. रिसेप्शनचं काम? तुमच्याच शहरातलं एमवाय, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय बघा. 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला आणि उंदरांनी भरलेल्या एमवायची धास्ती बसली. रुग्ण हलवून इमारत रिकामी केली, उंदीर मारले, लोकवर्गणी जमवून साफसफाई-दुरुस्ती केली. रुग्णालयाचा पैसा आणि सोयी जागच्या जागी बघणारी रोगी कल्याण समिती त्यातूनच जन्मली आणि पुढे देशभरच्या सरकारी रुग्णालयांत गेली. हे ऑपरेशन थिएटरात झालं नाही, प्रशासनानं केलं. आणि 2025 मध्ये त्याच एमवायच्या नवजात अतिदक्षता विभागात उंदीर बाळांना चावले. उंदीर-झुरळांच्या बंदोबस्ताचं कंत्राट दिलेलं होतं. पण कंत्राट देऊन भागत नाही. माणसं येतात का, बिळं बुजवली का, वॉर्डात खरकटं पडतं का, हे रोज फिरून बघावं लागतं. औषध संपण्याआधी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र जाणं, एक्स-रे मशीनची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार वेळेत नवा होणं, रात्रपाळीला पुरेशा नर्स असणं, यातलं काही चुकलं की उत्तम डॉक्टरही हात चोळत बसतो. भोगतो तो पेशंट.

तरी खोटी आशा दाखवणार नाही. मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयाचा अधीक्षक डॉक्टरच असतो. डॉक्टर नसलेल्यांना सरकारीत बहुतेक राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं मिळतात. बाकी नोकऱ्या खासगीत. मार्ग सरळ आहे: कुठलीही पदवी, प्रवेशपरीक्षा, दोन वर्षांचं एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन) किंवा रुग्णालय प्रशासनातलं एमबीए. ते देवी अहिल्या विद्यापीठातही आहे.

पण अर्ज भरण्याआधी तिला एकदा सकाळी सरकारी ओपीडीत पर्चीच्या रांगेपाशी थांबू द्या. एकटीलाच. म्हाताऱ्या बाईला एका खिडकीवरून दुसरीवर का पाठवतात, स्ट्रेचर ओढायला नातेवाईकच का लागतो, असे प्रश्न तिला सुचले आणि चीड आली, तर या कामात ती रमेल. नुसता कंटाळा आला, तर हा विषय घरात पुन्हा काढू नका, बी.कॉम. असो की चित्रकला, तिचं तिला निवडू द्या.

पुढचं पत्र तिनं लिहावं, आणि तुम्ही ते वाचायला मागू नये.