प्रवीण ठिपसे बुद्धिबळातले ग्रँडमास्टर कधी झाले? त्यांचा सांगलीशी काय संबंध?

१९९७ साली. विश्वनाथन आनंद आणि दिब्येंदू बरुआ यांच्यानंतरचे भारताचे तिसरे, महाराष्ट्राचे पहिले. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते! आजची पोरं दहावीच्या आधी हा किताब मिळवतात, पण त्या काळी कॉम्प्युटर नाही, परदेशी स्पर्धांचा खर्च डोईजड. २५०० रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणारे गुण, आणि वर नॉर्म, म्हणजे बलाढ्य स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, हे सगळं जमवता जमवता वर्षं जायची.

ठिपसे मुंबईचे, सांगली लागते ती सासरवाडीकडून. पत्नी भाग्यश्री, माहेरच्या साठे, सांगलीचे बुद्धिबळ प्रशिक्षक भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या तालमीतल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या, १९८७ साली पद्मश्री. खरं तर आम्हा सांगलीकरांना जावयापेक्षा लेकीचंच कौतुक जास्त.